पारितोषिकें आणि धाडसी दिग्दर्शक

दरवर्षीं हिवाळा सरतां सरतां अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं चित्रपटव्यवसायांतील मंडळींचा एक मोठा मेळावा भरतो. दिव्यांचा लखलखाट, उंची वस्त्रें, टाळ्यांचा कडकडाट, आणि शेवटीं एका बंद पाकिटांतून निघणारें एक नांव! त्या नांवाच्या चित्रपटास ‘ऑस्कर’ या नांवानें ओळखली जाणारी सोनेरी मूर्ति मिळते आणि वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून जगभर त्याचा डंका वाजतो. परंतु वीस-पंचवीस वर्षें लोटलीं म्हणजे कित्येकदां एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. ज्याचा डंका वाजला त्या चित्रपटाचें नांवही लोकांच्या ओठीं राहिलेलें नसतें. आणि त्याच वर्षीं जो रिकाम्या हातानें परतला, त्याचा अभ्यास मात्र देशोदेशींचे विद्यार्थी करीत असतात.

असें कां व्हावें? या प्रश्नास नेहमीं मिळणारें उत्तर असें कीं, मत देणारे मत्सरी असतात, धनिकांच्या मुठींत असतात, किंवा त्यांना कलेंतलें कांहीं कळत नाहीं. हें उत्तर सोपें आहे, पण अपुरें आहे. मला आज आपल्यापुढें असें मांडावयाचें आहे कीं, या उपेक्षेचें मुख्य कारण मोजण्याच्या रीतींतच दडलेलें आहे. पारितोषिक म्हणजे गुणांचें माप, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तें बहुतेक वेळां एकमताचें माप असतें. आणि धाडसी कलाकृतीचा स्वभावच असा कीं, ती जन्मास येतांच लोकांत दोन तट पाडते.

ऑस्कर पारितोषिकें देणाऱ्या अकॅडमीच्या इतिहासांत याची जाणीव अगदीं आरंभीं होती, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ही संस्था १९२७ सालीं स्थापन झाली आणि तिचा पहिला पारितोषिक-समारंभ १६ मे १९२९ रोजीं हॉलीवूडच्या रूझवेल्ट हॉटेलांत झाला. त्या वेळीं चित्रपटांसाठीं दोन श्रेष्ठ पारितोषिकें ठेविलीं होतीं. एक होतें उत्कृष्ट चित्रपटासाठीं. तें ‘विंग्ज’ या विमानयुद्धाच्या चित्रपटास मिळालें. दुसरें होतें अपूर्व आणि कलात्मक निर्मितीसाठीं; तें मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘सनराइज’ या मूकपटास मिळालें. सर्वांस रुचलेलें उत्तम निराळें आणि कलेच्या वाटेवर नवें पाऊल टाकणारें उत्तम निराळें, हा भेद संस्थेच्या आद्य पुरुषांनीं ओळखला होता. परंतु पुढच्याच वर्षीं हें दुसरें पारितोषिक बंद झालें. आणि मागाहून संस्थेनें असेंही ठरविलें कीं, ‘विंग्ज’ला मिळालेला मान हाच त्या वर्षीचा सर्वोच्च मान समजावा. दोन तराजूंपैकीं एक मोडीत निघाला. तेव्हांपासून आजतागायत दोन्ही प्रकारचा माल एकाच तराजूंत तोलला जात आहे.

त्याचा परिणाम पाहण्यासाठीं १९४१ सालचें उदाहरण घेऊं. रंगभूमि आणि नभोवाणी गाजवून हॉलीवूडमध्यें आलेल्या ऑर्सन वेल्स या पंचविशींतील तरुणानें त्या वर्षीं ‘सिटिझन केन’ हा चित्रपट लोकांपुढें ठेविला. एका बड्या वृत्तपत्रमालकाच्या मृत्यूपासून कथेस आरंभ होतो, आणि त्याला ओळखणाऱ्या निरनिराळ्या माणसांच्या आठवणींतून त्याचें आयुष्य तुकड्यातुकड्यांनीं उलगडत जातें. जवळचें आणि दूरचें दृश्य एकाच वेळीं सारखेंच स्पष्ट दाखविण्याची किमया ग्रेग टोलंड या छायालेखकानें त्यांत साधली. हें सर्व प्रेक्षकांस अनोळखी होतें. शिवाय कथानायकाचें विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या बलाढ्य वृत्तपत्रमालकाशीं साम्य दिसत असल्यामुळें हर्स्ट यांच्या पत्रांनीं चित्रपटाची जाहिरातही छापण्याचें नाकारलें. ‘सिटिझन केन’चें नांव नऊ पारितोषिकांसाठीं पुढें आलें, मिळालें एकच, मूळ पटकथेचें, आणि तें हर्मन मॅन्कीविच व वेल्स या दोघांत मिळून. सर्वोत्कृष्ट ठरला तो जॉन फोर्ड यांचा ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’. येथें न्यायानें बोलावयाचें तर सांगितलें पाहिजे कीं, फोर्ड हे थोर दिग्दर्शक होते आणि वेल्समधील खाणकामगार कुटुंबाचें त्यांनीं रंगविलेलें चित्र हृदयास भिडणारें आहे. अकॅडमीनें कांहीं वाईट चित्रपट निवडला नाहीं. तिनें असा चित्रपट निवडला कीं, ज्यावर कोणाचा रोष नव्हता.

मोजण्याच्या रीतीचा प्रभाव किती असतो याचा याहूनही स्पष्ट पुरावा अकॅडमीच्याच कागदपत्रांत सांपडतो. तेथील निवडीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर त्या त्या धंद्यांतील लोक आपल्या सहव्यवसायिकांचीं नांवें सुचवितात: दिग्दर्शक दिग्दर्शकांचीं, नट नटांचीं, छायालेखक छायालेखकांचीं. सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या यादीसाठीं मात्र सर्व धंद्यांतील सभासद मिळून मत देतात. आतां पुढील चार गोष्टी पहा. १९६० च्या ‘सायको’बद्दल आल्फ्रेड हिचकॉक यांचें नांव दिग्दर्शकांच्या यादींत आलें, चित्रपटांच्या यादींत ‘सायको’ नव्हता. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’बद्दल स्टॅन्ली कुब्रिक यांचें नांव दिग्दर्शकांत आलें, चित्रपटांत तो नव्हता. १९८६ चा ‘ब्लू व्हेल्व्हेट’ आणि २००१ चा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ यांबद्दल डेव्हिड लिंच यांचें नांव दिग्दर्शकांत आलें; त्या दोन्ही चित्रपटांच्या वांट्यास अकॅडमीकडून तेवढा एकच उल्लेख आला. चारही वेळां घडलें तें एकच. कॅमेरा कोठें ठेवावा आणि दृश्य कोठें तोडावें या चिंतेंत ज्यांचा दिवस जातो, त्या थोड्या जाणत्यांनीं कामाचें असामान्यत्व ताबडतोब ओळखलें. परंतु प्रश्न मोठ्या सभेपुढें जातांच तें असामान्यत्व विरघळून गेलें. दिग्दर्शनाचा अंतिम निर्णयही साऱ्या सभेच्याच मतांनीं होतो. म्हणून हिचकॉक यांचें नांव पांच वेळां येऊनही दिग्दर्शनाचें पारितोषिक त्यांना एकदांही लाभलें नाहीं. आणि कुब्रिक यांना उभ्या आयुष्यांत एकच ऑस्कर मिळालें, तेंही ‘२००१’ मधील दृश्यचमत्कारांबद्दल.

सभा मोठी झाली म्हणजे असें कां होतें, हें थोड्या अंकगणितानें समजेल. २००९ सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची निवड पसंतिक्रमानें होते. सभासदानें एका नांवापुढें खूण करावयाची नसून यादींतील चित्रपटांस पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्यावयाचे असतात. पहिल्या पसंतीचीं निम्म्याहून अधिक मतें कोणासच मिळालीं नाहींत, तर सर्वांत खालचा चित्रपट बाद करून त्याचीं मतें त्या त्या मतदाराच्या पुढील पसंतीकडे वळवितात. आणि कोणास तरी बहुमत मिळेपर्यंत हें चालूं राहतें. समजा, १०० मतदार आहेत आणि ३ चित्रपट आहेत. पहिला धाडसी आहे: ४० जण त्यावर लुब्ध आहेत, उरलेल्या ६० जणांनीं त्यास शेवटचा क्रमांक दिला आहे. दुसरा सौम्य व सुबक आहे. त्यास ३५ जणांची पहिली पसंती आहे. तिसऱ्यास २५ जणांची. तिसरा बाद होतो, त्याचीं २५ मतें सौम्य चित्रपटाकडे जातात आणि निकाल ६० विरुद्ध ४० असा लागतो. सर्वांत अधिक लोकांनीं ज्याला जीव लावला तो हरला. बहुतेकांना जो ‘ठीक आहे’ असा वाटला तो जिंकला. यांत कोणीं लबाडी केली नाहीं कीं कोणाचा अज्ञानीपणा उघडा पडला नाहीं. गांवाचा पाटील किंवा नगराचा अध्यक्ष निवडावयाचा तर ही पद्धति चांगलीच म्हणावी लागेल, कारण त्यानें सर्वांस सोसवेल असें असावें हें योग्यच. पण कलाकृति सर्वांस सोसवलीच पाहिजे, असा नियम कोणीं घातला?

या गणितास माणसाचा स्वभावही हातभार लावतो. अवघड चित्रपट पाहणें हेंच एक काम असतें. तो कित्येकदां लांब असतो, संथ असतो, आपण काय समजावें हें सांगत नाहीं. दिवसभराच्या कामानें थकलेला मतदार तो उद्यांवर टाकतो, आणि तो उद्यां मतदानाची मुदत संपल्यावर उजाडतो! ज्या विभागांत अंतिम मत द्यावयाचें त्यांतील सर्व चित्रपट पाहिलेच पाहिजेत, अशी अट साऱ्या विभागांस लावण्याचें अकॅडमीनें जाहीर केलें तें २०२५ च्या एप्रिलमध्यें. शिवाय मत देणारे कोण, हाही प्रश्न आहे. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या पत्रानें २०१२ सालीं केलेल्या पाहणींत मतदारांपैकीं जवळ जवळ ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष असल्याचें आढळलें. त्यांचें मध्यम वय ६२ वर्षांचें होतें. अशा सभेला काय सुखद वाटेल आणि काय बोचेल, याचा अंदाज करणें कठीण नाहीं.

याचेंही एक उदाहरण आहे. १९८९ सालीं अमेरिकेंतील काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांवर दोन चित्रपट आले. ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ या चित्रपटांत एक वृद्ध ज्यू स्त्री आणि तिचा कृष्णवर्णीय मोटारचालक यांच्यांत हळूहळू जडणारा स्नेह दाखविला होता. स्पाइक ली या तरुण कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या ‘डू द राइट थिंग’मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका गल्लींत, कडक उन्हाच्या एका दिवशीं, साठलेला राग भडकून दंगल कशी होते हें दाखविलें होतें, आणि दोष कोणाचा, याचा निकाल प्रेक्षकांवर सोंपविला होता. पहिला चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला. दुसऱ्याचें नांव त्या यादींतही नव्हतें. पटकथा आणि सहायक नट एवढ्याच विभागांत तें आलें, आणि मिळालें कांहींच नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, २०१८ च्या चित्रपटांत ली यांच्या ‘ब्लॅकक्लान्समन’ला पटकथेचें पारितोषिक मिळालें खरें, पण सर्वोत्कृष्ट ठरला तो ‘ग्रीन बुक’. म्हणजे पुन्हां एक मोटार, पुन्हां एक चालक, पुन्हां प्रवासांत जुळलेला स्नेह! फरक एवढाच कीं, या वेळीं चालक गोरा होता आणि मागें बसणारा काळा. जखम बरी होत आल्याची गोष्ट सर्वांना ऐकावीशी वाटते. जखम दाखविणारा मात्र कोणास आवडत नाहीं.

आपल्यापैकीं कोणी म्हणेल, “हें एकतर्फी झालें. ‘मूनलाइट’ २०१६ चा, ‘पॅरासाइट’ २०१९ चा. हे धाडसी चित्रपट त्याच मतमोजणींतून सर्वोत्कृष्ट ठरले कीं नाहीं?” ठरले, आणि ‘पॅरासाइट’ तर इंग्रजी नसलेला असा पहिलाच. परंतु त्या सुमारास अकॅडमीनें स्त्रिया, इतर वर्णांचे लोक आणि परदेशीय कलावंत यांना मोठ्या संख्येनें सभासद करून घेतलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. सभा बदलली म्हणजे सभेला काय बोचतें तेंही बदलतें. गणित तेंच राहिलें, त्यांत घातलेले आंकडे बदलले.

सभा लहान असली तर काय घडतें, तें आपल्या देशांतील उदाहरणांवरून दिसेल. आपलीं राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें मतदारांची मोठी फौज ठरवीत नसून परीक्षकांचें लहान मंडळ ठरवितें. तेथें दहा जण एकत्र बसून चित्रपट पाहतात, वाद घालतात, आणि एखाद्या जाणत्यानें कळकळीनें बाजू मांडली तर इतरांचें मत पालटूं शकतें. नामांकित नट नसलेला, गीतांवर न विसंबलेला सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ च्या चित्रपटांत राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी झाला तो अशाच मार्गानें. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपटही असाच. मुंबईच्या खालच्या न्यायालयांत एका वृद्ध शाहिराचा खटला चालतो आहे, कॅमेरा दूर स्थिर उभा आहे, नायकाचा विजय नाहीं, खलनायकाचा पराभव नाहीं. आहे ती केवळ तारखांची कंटाळवाणी रांग आणि तिच्याखालीं चिरडलें जाणारें एक आयुष्य. २०१५ सालीं राष्ट्रीय परीक्षक मंडळानें त्यास सर्वोत्कृष्ट ठरविलें. मग भारतातर्फे तोच अकॅडमीकडे गेला, पण तेथें तो अंतिम यादींत पोंचला नाहीं. लहान मंडळें चुकत नाहींत असें मी म्हणत नाहीं. तेथें वशिला आणि लहर यांचें भय अधिक. पण धाडसाला तेथें निदान वकील मिळूं शकतो. मतपत्रिकेला तो मिळत नाहीं.

या उपेक्षेची भरपाई उतारवयांत सन्मान देऊन करण्याची एक रीत पडली आहे. हिचकॉक यांना १९६८ सालीं एक गौरव-पारितोषिक देण्यांत आलें. वेल्स यांना १९७१ सालीं देण्यांत आलें. सत्यजित राय यांचें नांव स्पर्धेच्या यादींत कधींच आलें नव्हतें. त्यांच्याकडे १९९२ सालीं ती मूर्ति पोंचली ती कलकत्त्याच्या रुग्णालयांत, आणि त्याच वर्षीं २३ एप्रिल रोजीं ते निवर्तले. मान मोठा, यांत शंका नाहीं. पण ज्या वयांत पाठीवर थाप हवी होती त्या वयांत ती मिळाली नाहीं.

कोणी म्हणेल, मिळाली नाहीं तर नाहीं; काळ न्याय करितोच ना? आपल्या भवभूतीनें आपला समानधर्मा पुढें केव्हां तरी जन्मेल, असा धीर स्वतःस दिलाच होता. पण श्रोतेहो, कवीची आणि चित्रपट-दिग्दर्शकाची गोष्ट सारखी नाहीं. कवीला भूर्जपत्र आणि लेखणी पुरते. दिग्दर्शकाला लाखों रुपयांचें भांडवल, शेंकडों माणसांचें साह्य आणि चित्रगृहांचे मालक लागतात. पारितोषिक म्हणजे त्याच्या पुढील चित्रपटाची पत असते. ती नसली तर काय होतें? वेल्स यांचा दुसरा चित्रपट ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’. १९४२ सालीं ते ब्राझीलमध्यें असतांना कंपनीनें त्यांतील चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापून काढला, दुसरा शेवट जोडला, आणि कापलेला भाग नष्ट केला. ‘सिटिझन केन’नें धंदा केला नव्हता आणि सर्वोच्च मानही आणला नव्हता, मग त्या तरुणाचा शब्द कोण मानणार? आपल्याकडे गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’ पहा. छायालेखनाबद्दल व्ही. के. मूर्ति यांना आणि कलादिग्दर्शनाबद्दल एम. आर. आचरेकर यांना फिल्मफेअर पारितोषिकें मिळालीं, आणि तीं योग्यच होतीं. पण ज्या दृष्टीनें त्या प्रकाशाला आणि त्या सावल्यांना अर्थ दिला, तिचा गौरव झाला नाहीं. चित्रपट चालला नाहीं. आणि गुरुदत्त यांनीं दिग्दर्शक म्हणून पुन्हां कधींही स्वतःचें नांव लाविलें नाहीं. काळानें न्याय केला. पण न निघालेले चित्रपट काळालाही परत आणतां येत नाहींत.

मग मोजण्याची दुसरी रीत आहे काय? आहे. ‘साइट अँड साउंड’ हें ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनीं समीक्षकांस त्यांच्या मतें श्रेष्ठ अशा दहा चित्रपटांचीं नांवें विचारतें. पहिल्या खेपेस ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ पासून २००२ पर्यंत पांचही वेळां तो पहिला आला. २०१२ सालीं ती जागा हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’नें घेतली. त्याच ‘व्हर्टिगो’ला १९५८ सालीं अकॅडमीच्या यादींत केवळ कलादिग्दर्शन आणि ध्वनि या दोन विभागांत जागा मिळाली होती, आणि त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट ‘जीजी’ नऊच्या नऊ पारितोषिकें घेऊन गेला होता. २०२२ सालीं शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ पहिला आला. एका गृहिणीचीं तीन दिवसांचीं घरकामें तीन तासांहून अधिक वेळ दाखविणारा हा चित्रपट. हीही मोजणीच आहे. पण तिच्यांत दोन गोष्टी निराळ्या आहेत. एक, तिला घाई नाहीं. दुसरी, आणि माझ्या मतें अधिक महत्त्वाची, अशी कीं, तेथें ज्याला चित्रपट आवडतो त्याचें मत मोजलें जातें. ज्याला तो आवडत नाहीं त्याला तो तळाशीं ढकलतां येत नाहीं.

अकॅडमीचे नियम बदलणें आपल्या हातीं नाहीं. पण १९२९ सालीं जो दुसरा तराजू होता तो आपण आपल्या घरीं ठेवूं शकतों. पारितोषिकांची यादी वृत्तपत्रांत आली म्हणजे पहिल्या ओळीवर न थांबतां दिग्दर्शकांचीं आणि पटकथाकारांचीं नांवें वाचावीं. ज्या चित्रपटाचें नांव तेथें आहे पण वरच्या यादींत नाहीं, तो मुद्दाम शोधून पाहावा. आपल्या गांवीं असा चित्रपट लागला तर पहिल्या आठवड्यांतच जावें, कारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो बहुधा टिकत नाहीं. आवडला नाहीं तर तसें खुशाल म्हणावें. पण कां आवडला नाहीं याचा विचार बाहेर पडतांना एकदां करावा. अशा दिग्दर्शकाला मूर्तीची जरूर असतेच असें नाहीं. त्याला पुढचा चित्रपट काढतां येईल एवढे प्रेक्षक हवे असतात, आणि ते पुरविण्यासाठीं कोणत्याही सभेच्या बहुमताची वाट पाहावी लागत नाहीं.